मोहिनीचा साबुदाणा

"समाधान, अरे मी काय केळीचा घड आहे का? इतक्या गारठ्यात पिकायला घातलंस ते!"

वच्छलाबाई गोधडीच्या आतून कुरकुरल्या. बाहेर जळगावचं वैशाखातलं ऊन रस्त्याचं डांबर मऊ करत होतं आणि आत डायलिसिसच्या हॉलमध्ये सगळे पेशंट घरून आणलेल्या गोधड्या हनुवटीपर्यंत ओढून पडले होते.

टेक्निशियन समाधान मशीनवरचा आकडा बघत म्हणाला, "मावशी, एसी मशीनसाठी आहे. मशीन तापलं की बंद पडतं."

"मग मशीनलाच निजव पलंगावर. मी जाते मुक्ताईनगरला."

शेजारच्या पलंगावर हिलाल हसला. हसता हसता त्याला धाप लागली आणि तो डोळे मिटून श्वास गोळा करत राहिला. मोहिनीने त्याच्या हातातल्या नळ्यांकडे पाहिलं, मग गोधडी नीट केली.

"हसू नको भाऊ. नळी हलते."

"हसलो नाही तर या हॉलमध्ये दुसरं करायचं काय?"

मोहिनी त्याची धाकटी बहीण. धुळ्याला देवपुरात दिलेली, तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवणारी. बाकीच्या पाळ्यांना हिलालची बायको उषा यावलजवळच्या गावाहून त्याला घेऊन यायची, शनिवार मोहिनीचा. सकाळची एसटी पकडून ती यायची, खांद्यावर लॅपटॉप, हातात पर्स. आली की पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी आकडा होता तिथे पर्स अडकवायची. त्या आकड्यावर आधीच हिलालची फाइल टांगलेली असायची आणि फाइलवर कुणीतरी लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं: रक्तगट ओ पॉझिटिव्ह. पर्स तशी मोठी होती. अडकवली की फाइल पुरती झाकली जायची.

आजही तिने तेच केलं. मग स्टूल ओढून बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला, पण उघडला नाही. आज तिला भावाला एक गोष्ट सांगायची होती. धुळ्यापासून पारोळा, एरंडोल करत सगळ्या रस्त्याने तिने ती मनात घोळवली होती आणि जळगावच्या स्टँडवर उतरेपर्यंत तिचं पहिलंच वाक्य हरवलं होतं.

"काय म्हणतो साबुदाणा?" हिलालनेच विचारलं.

साबुदाणा म्हणजे मोहिनीचं पीएच.डी.चं संशोधन. सुरुवातीला तिने कॉलेजच्या लॅबमध्ये सिरिंजमधून थेंब थेंब सोडून जेलीचे पांढरे मणी केले होते आणि त्यांचा फोटो घरच्यांना पाठवला होता. आईने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि निकाल दिला, हा तर भिजेल साबुदाणा शे. भिजवलेला साबुदाणा; तेव्हापासून अख्ख्या नात्यात तेच नाव. लग्नाकार्यात काका-मामा विचारायचे, "मोहिनी, साबुदाणा भिजला का गं?"

मण्यांच्या आत एन्झाइम कोंडलेलं होतं. बाहेरच्या पाण्यातला युरिया मण्यात झिरपायचा, साबुदाण्यात पाणी मुरतं तसा, आणि आत मुरला की एन्झाइम त्याला फोडायचं. किती वेगाने मुरतो आणि किती वेगाने फुटतो, या दोघांची शर्यत. पुढचं सगळं काम कॉम्प्युटरवर होतं. त्या सॉफ्टवेअरला दोन्ही वेग सांगायचे, मण्याचं पोट जाळीसारखं बारीक बारीक तुकड्यांत चिरायचं, आणि म्हणायचं, चल, सोडव. मग ते बराच वेळ विचार करायचं आणि मधोमध कापलेल्या मण्याचं चित्र दाखवायचं. कडेला लाल, म्हणजे युरिया भरपूर. आत आत पिवळा, हिरवा. आणि मध्यभागी निळा ठिपका. तिथे युरिया पोचायचाच नाही. कडेचं एन्झाइम इतकं तत्पर, की वाटेतच सगळा फस्त करून टाकायचं. मधलं एन्झाइम धडधाकट असून रिकामं बसलेलं.

"मधला माल वाया जातोय, बाई. मणी लहान करा," गाइड पंडित सर म्हणायचे. सरांच्या दृष्टीने तो हिशेबाचा प्रश्न होता. मोहिनीला मात्र त्या निळ्या ठिपक्याकडे बघताना चोरी पकडल्यासारखं व्हायचं. धडधाकट असून कामाला न आलेलं एक काहीतरी आपल्याही पाठीत, कमरेच्या जरा वर बसलेलं आहे, हे ती भाजी चिरताना विसरायची, बसमध्ये विसरायची. लॅपटॉप उघडला की आठवायचं.

आधी तिचा विषय हा नव्हताच. कापडाच्या रंगाने नासलेलं पाणी साफ करायचा विषय होता तो. हिलालच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं त्या महिन्यात तिने विषय बदलला. रक्तातला युरिया काढणारं छोटंसं यंत्र, घरच्या घरी, मण्यांनी भरलेलं. पंडित सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बघा बुवा. भावना वेगळी आणि सिनॉप्सिस वेगळा." पण सही केली.

घरच्यांना मात्र केवढा आधार झाला त्याचा. बहीण भावासाठी मशीन करतेय. आई देवळात सांगायची, उषा शेजारणींना सांगायची, हिलाल स्वतः वच्छलाबाईंना सांगायचा. आणि साबुदाण्याबद्दल बोलायला मिळालं, की दुसऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायची वेळच यायची नाही.

ती दुसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. अगदी पहिल्या आठवड्यात, याच हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर, किडनी कुणाची जुळेल ते बघायला डॉक्टरांनी घरातल्यांचे रक्तगट तपासायला सांगितले होते. उषाचा जुळला नाही. आई सुंदरबाई, तिचा जुळला, पण तिला साखरेचा आजार, डॉक्टरांनी नकाराची मान हलवली. मग नर्सने मोहिनीकडे बघून सुई उचलली, तर सुंदरबाई मधे आली. तिचं माहेर धुळ्याकडचं. यावलला इतकी वर्षं काढून बोली बदलली नव्हती.

"तिनं रगत नका ल्या. ती पाव्हणी शे आते."

तिचं रक्त घेऊ नका, ती आता पाहुणी, एवढं नर्सला कळलं; तिला वाटलं, बरोबर आलेली कुणी लांबची असेल. तिने सुई खाली ठेवली. मोहिनीच्या गळ्यात त्या दिवशी कॉलेजचं ओळखपत्र होतं, घाईत काढायचं राहिलेलं. त्याच्या मागच्या बाजूला रक्तगट छापलेला असतो; तिचाही ओ पॉझिटिव्ह. तिने ते कार्ड पदराआड घेतलं. का घेतलं, तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सुंदरबाईचं एक होतं. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. देवपूरला आली तर जेवायची नाही. पाण्याचा पेला घेतला तरी निघताना नातवाच्या हातावर काहीतरी ठेवून मोकळी व्हायची. दिलेल्या पोरीकडे मागणं तिच्या लेखी माहेराची मान कापणं होतं. हिलाल त्याच आईचा. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणीला माहेरी न्यायला स्वतः यायचा, आंब्याची पाटी बसच्या टपावर टाकून. तो देणारा भाऊ होता. मागायचं कसं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

मोहिनीचा नवरा, नवीन त्याचं नाव, वाईट माणूस नव्हे. त्या आठवड्यात ती धुळ्याला परतली तेव्हा त्याने चहा केला, समोर ठेवला आणि कपाकडे बघत म्हणाला, "त्यांनी विचारलं, तर बघू."

"हो," ती म्हणाली. "विचारलं तर."

कुणी विचारलं नाही. तिच्या मनावरून एक मोठा दगड उतरला आणि उतरल्याची लाज तिथेच येऊन बसली. त्याच महिन्यात ती पंडित सरांकडे विषय बदलायला गेली.

"झोपलीस का?" हिलालने पायाने गोधडी हलवली. "साबुदाण्याचं विचारलं मी."

"भाऊ, त्याच्याबद्दलच बोलायचंय."

"बोल ना. आईने केळीला अजून युरिया टाकू दिला नाही, ते माहीत आहे ना तुला? बाग पार पिवळी पडली."

"पाहिली मी आखाजीला."

आणि तिथूनच तर सगळं बिघडलं होतं. किंवा उघडं पडलं होतं, म्हणा.

सुंदरबाईने डॉक्टरांच्या तोंडून एकच शब्द उचलला होता. युरिया वाढलाय. तो शब्द तिच्या ओळखीचा होता. गोण्याच्या गोण्या घरात यायच्या. पोर लहान असल्यापासून आपण त्याला टोपलं देऊन केळीच्या बुंध्याशी युरिया टाकायला पाठवलं, उघड्या हातांनी, तोच त्याच्या अंगात मुरला, असं तिने धरलं. मोहिनीने समजावलं, अगं आई, रक्तातला युरिया शरीरच करतं, शेतातला नाही जात आत. आई ऐकून घ्यायची. आणि दुसऱ्या दिवशी शेतावरच्या सालदाराला सांगायची, गोणीला हात लावायचा नाही.

यंदा आखाजीला मोहिनी गेली तेव्हा घरात खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास होता, अंगणातल्या निंबाला झोका होता, आणि मागच्या दारी सुंदरबाई शेवटची गोणी फरफटत उकिरड्याकडे नेत होती.

"ह्याच इखनी मना पोऱ्या खादा," ती म्हणाली आणि गोणी शेणावर पालथी केली. वर बादलीभर पाणी ओतलं. आग विझवावी तसं.

ज्या विषाने पोर खाल्लं त्याच्यावर म्हातारीला एवढं तरी करू दे, असं मोहिनीला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागे कपडे वाळत घालायला गेली आणि उकिरड्यावरून तो वास आला. नाकात सुई टोचल्यासारखा. डोळ्यांना धार लागली. बाजूला बांधलेली शेळी दोर ताणून दूर उभी राहिली होती.

अमोनिया.

शेणामातीतही तेच एन्झाइम असतं, जे तिने मण्यांत कोंडलं होतं. युरिया फुटला होता, आणि फुटून असा वर येत होता.

मोहिनीला हे माहीत नव्हतं असं नाही. फळ्यावर ती समीकरण लिहायची तेव्हा बाणाच्या उजवीकडे अमोनिया लिहायचीच. पण सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पदार्थापुढे एक चौकोन असतो. खूण केली तर तो पदार्थ हिशेबात, नाही तर नाही. अमोनियाची खूण केली की गणित सुटायचं नाही. अर्ध्यात अडकायचं आणि लाल अक्षरात तक्रार करायचं. पंडित सर म्हणाले होते, "सध्या त्याला बाजूला ठेवा. 'पुढील संशोधनास वाव' म्हणून शेवटच्या पानावर टाकू." तिने खूण काढली, गणित झरझर सुटलं, आणि तेव्हापासून तिच्या चित्रात युरिया फुटत होता आणि फुटून कुठेच जात नव्हता. त्या रंगीत चित्रांवर तिने दोन सेमिनार दिले होते. टाळ्या मिळाल्या होत्या.

आखाजीहून परतल्यावर तिने खूण केली. गणित अडकलं. तिने जाळी बारीक केली, पुन्हा अडकलं. मग अमोनिया हळूहळू वाढू दिला, एकदम नाही. वेळेचे टप्पे लहान केले. आठवडाभर कॉलेजातून आली की हेच. गुरुवारी संध्याकाळी, नवरा गॅलरीत झाडांना पाणी घालत असताना, ते सुटलं.

चित्र आलं. मण्यात अमोनिया साठत होता. त्याने आतलं पाणी क्षारी होत होतं आणि एन्झाइम आपल्याच केलेल्या कामात गुदमरत होतं. युरिया फुटण्याचा आलेख थोडा वर गेला, वाकला आणि जमिनीला टेकला. आणि मण्यातून बाहेर जे येत होतं ते माणसाच्या रक्तात परत सोडायचं म्हणजे युरियापेक्षा वाईट. परदेशात मोठ्या कंपन्यांनी अमोनिया धरून ठेवणारी वेगळी भुकटी वापरून असली यंत्रं केलेली आहेत, हे तिने वाचलं होतं. देवपूरच्या लॅबमध्ये धड तराजू नव्हता.

तिने लॅपटॉप बंद केला तेव्हा नवीनने आत येऊन विचारलं, "झालं?"

"झालं," ती म्हणाली.

आता ती त्याच बंद लॅपटॉपवर दोन्ही तळवे ठेवून भावासमोर बसली होती.

"भाऊ, साबुदाणा होणार नाही."

मशीनचं चाक फिरत होतं, त्याचं रक्त नळीतून बाहेर जाऊन आत येत होतं.

"म्हणजे उशीर लागेल, असं नाही. होणारच नाही. मी एक गोष्ट हिशेबातून काढली होती. ती घातली की सगळं बंद पडतं. आणि ती मला आधीपासून माहीत होती." तिने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. "तुला मी उगीच आशेवर ठेवलं."

वच्छलाबाईंनी गोधडीतून तोंड बाहेर काढलं होतं. परिस्थिती बघून त्यांनी ते परत आत घेतलं.

"अगं वेडे," हिलाल म्हणाला, "मी कधी आशेवर होतो? मला पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"कशावरून?"

"तू शेती नाही केलीस कधी. युरियाची गोणी ओली झाली आणि शेणात सांडली, की काय होतं ते मला ठाऊक नाही?" तो जरा थांबला, श्वास घेतला. "मला वाटलं, तुम्ही शिकलेल्या माणसांनी त्याच्यावर काहीतरी काढलं असेल. मग तू लॅपटॉपवर चित्र दाखवायचीस, त्यात त्या वासाचा कुठे उल्लेखच नसायचा. म्हटलं, असू दे. हिला यायला एक कारण आहे."

"मग विचारत का राहिलास दर शनिवारी?"

"दुसरं काय विचारणार होतो?"

हे त्याने अगदी साधेपणाने म्हटलं. समाधान येऊन मशीनचं एक बटण दाबून गेला. जाताना त्याने मोहिनीकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. काहीतरी त्याला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

"उषाने फोन केला नाही का तुला?" हिलालने विचारलं.

"नाही. काय झालं?"

"मीच म्हटलं, नको करू, शनिवारी मी सांगतो. परवा इको काढला छातीचा." हिलालने मोकळा हात गोधडीबाहेर काढला आणि मूठ उघडझाप करून दाखवली, अगदी सावकाश, थकल्यासारखी. "हार्ट असं चालतंय. डॉक्टर म्हणाले, आता किडनी मिळाली तरी ऑपरेशन सोसणार नाही. टेबलावरच जाईन. तो रस्ता बंद."

रडू येईल असं मोहिनीला वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी मनावरून काहीतरी उतरत गेलं, त्या आठवड्यातल्या दगडासारखंच, आणि ते काय आहे हे ओळखल्याबरोबर तिने दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली.

"सुटल्यासारखं वाटलं ना?" हिलाल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मलाही वाटलं गं. डॉक्टर बोलले तेव्हा. म्हटलं, चला, आता कुणाला काही मागायला नको."

"भाऊ, असं बोलू नको."

"ती पर्स काढ तिथून."

"अं?"

"फाइलीवरची. काढ."

तिने उठून पर्स काढली. पट्टा आकड्यात अडकला. तिला तो दोनदा ओढावा लागला. फाइल मोकळी झाली, किंचित झुलली आणि स्थिर राहिली. लाल अक्षरं पलंगावरून स्वच्छ दिसत होती. हिलालने ती वाचली, जणू पहिल्यांदाच वाचतोय.

"तीन वर्षं तू ती झाकतेस," तो म्हणाला. "आणि मी बघत नाही असं दाखवतो. आईला वाटतं, आपण पोरीला वाचवलं. उषाला वाटतं, मी मागेन. नवीनरावांना वाटत असेल, आम्ही मोठ्या मनाचे." त्याला धाप लागली. मोहिनीने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने मानेनेच नको म्हटलं. पाणी मोजून प्यावं लागायचं त्याला. "आता मला कुणाकडून काही लागायचं नाही, म्हणून बोलता येतंय. रागवू नको."

"नाही रागवत."

वच्छलाबाईंची गोधडी हलत नव्हती.

"मोहिनी," हिलाल म्हणाला, "मला तुझी किडनी हवी होती गं."